पोटरीवरचा वण

सिडको, छत्रपती संभाजीनगर
८ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
काकासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे शिक्षा झाली आहे. मी ओरडून ओरडून सांगतो, खालच्या मजल्याला माझ्या घरची सगळी खबर कळते, आणि तू तिकडून विचारतेस, पाऊस पडला का. कानाचं मशीन तू लावणार नाहीस. म्हणून आजपासून पत्र. माझं अक्षर तुला लागतं, तुझं मला.

सोमनाथ आणि सूनबाई श्रेया परवा जर्मनीला गेले. दोन वर्षांचं काम आहे. पोराला संधी मिळाली, बरं वाटलं. पण जाताना त्यांनी पुण्याचं कुत्रं माझ्याकडं आणून ठेवलं. श्रेया म्हणाली की बाबा, जरा सांभाळा, आम्ही त्याची कुठंतरी सोय करतो. मी हो म्हणालो. का म्हणालो ते मलाच कळलेलं नाही. निघायच्या गडबडीत माणूस कशालाही हो म्हणतो.

माझं आणि कुत्र्यांचं वाकडं तुला सांगायला नको. पाच वर्षांचा असताना आपल्या टिप्यानं माझी पोटरी फोडली, तो वण अजून आहे. कॉलेजात होतो तेव्हा शहागंजातला सरळ रस्ता सोडून लांबून जायचो, कारण सरळ रस्त्यावर कुत्री बसायची. नोकरीत स्कूटरमागं कुत्रं लागलं की माझे दोन्ही पाय वर. सोमनाथ लहानपणी पिल्लासाठी हटून बसला, तेव्हा त्याला पोटरी उघडी करून दाखवली आणि विषय बंद केला. तुझी भावजय होती तोवर हसायची, म्हणायची की ह्यांची पोटरी कोर्टात पुरावा म्हणून ठेवायला पाहिजे.

आता त्याच माणसाच्या हॉलमध्ये तीस किलोचा पिवळट प्राणी पसरला आहे. नाव चिकू. मी दिवाणावर पाय वर घेऊन बसतो. मी उठलो की तो उठतो, मी थांबलो की तो थांबतो. त्याच्या मनात काय आहे, काही समजत नाही. फिरवायला नेताना मी काठी घेतो, तर शेजारी विचारतात की काठी त्याच्यासाठी का तुमच्यासाठी.

तुमच्या मळ्यात जागा आहे, दोन कुत्री आहेतच, तिसरं खपून जाईल. पुढच्या बाजाराला गाडी करून आणून सोडतो. सोमनाथलाही रोज फोनवर सांगतो आहे की लवकर कायमची सोय बघ. चि. संस्कृतीस आशीर्वाद.

कळावं. भावावर आहे ती माया कमी होऊ देऊ नये.
तुझा,
काकासाहेब

*

पाचोड
१५ सप्टेंबर २०२५

चि. काकासाहेबास,
द्वारकाआक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. लई वर्षांनी पोस्टमननं माझ्या नावानं हाक मारली, तर सून घाबरून पळत आली. संस्कृती म्हणली, आजी, तू सांग, मी मोबाइलवर लिहून पाठवते. म्हणलं नाय, तुझ्या मामाआजोबावरचा राग मला माझ्याच हातानं लिहायचाय.

कुत्रं खुशाल आण. पण आधीच सांगते, इथं लाड नाय. इथं कुत्रं अंगणात. तव्यावरची शेवटची भाकरी त्याची, आपल्या आईची रीत होती तीच मी पाळते. तुझ्या चिकूला सोफ्याची सवय असंल तर आधी मोड.

तू म्हणतोस त्याच्या मनात काय हाय समजत नाय. अरे, त्याच्या मनात काय असणार, माझी माणसं कुठं गेली एवढंच. मी लग्न होऊन पाचोडला आले तवा मला बी कुणाच्या मनातलं समजत नव्हतं. सासू बोलायची नाय, नवरा दिवसभर रानात. मी मागल्या दारी भांडी घासता घासता रडत बसले, तर घरचं लंगडं कुत्रं आलं आणि माझ्या पदरावर बसलं. हुसकलं तरी हललं नाय. सासरी मला पहिलं आपलं म्हणलं ते त्यानं. तवापासून माझ्या दारात कुत्रं नाय असं झालं नाय. तुला हे कधी सांगितलं नाय, कारण कुत्र्याचं नाव काढलं की तू पोटरीच दाखवायचास.

बाजाराच्या दिवशी नक्की ये. रिकामी गाडी परत जाऊ देणार नाय, बाजरी नि भुईमूग भरून ठेवते.

आशीर्वाद हायेतच, वरून थोडी हिंमत बी पाठवते.
तुझी,
आक्का

*

सिडको, छत्रपती संभाजीनगर
२६ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कुत्रं कुठं अडकलं म्हणून तू निरोपावर निरोप पाठवलेस. सांगतो. पहिल्या बाजाराला त्याचा कान सुजला होता. दुसऱ्याला पाऊस. त्यानंतर गाडीवाला आला नाही. म्हणजे मी त्याला सांगायचंच विसरलो. मी, आक्का! ऑफिसात ज्याच्या टेबलावर एक कागद कधी राहिला नाही तो मी!

माझं काहीतरी बिघडलं आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खाली पोरांनी सुतळी बॉम्ब लावले. चिकू सरपटत दिवाणाखाली गेला आणि असा कापायला लागला की वर बसलेला मीसुद्धा हलत होतो. थोडा वेळ मी तसाच पाय वर घेऊन बसलो. मग खाली उतरलो. गुडघ्यांची बोंब असलेला माणूस मी, फरशीवर आडवा झालो आणि हात आत घातला. का घातला ते विचारू नकोस. चावला असता तर? पण त्यानं नाक माझ्या तळहातात खुपसलं आणि तिथंच ठेवलं. फटाके थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच. नंतर मला उठता येईना, तर तो बाहेर येऊन माझ्याजवळ उभा राहिला आणि मी त्याच्या पाठीला धरून उठलो. कुत्र्याला धरून! तुझी भावजय असती तर तिनं फोटो काढला असता.

आता शेवटची पोळी मी त्याच्यासाठी ठेवतो. डॉक्टरांनी पोळी देऊ नका म्हणून बजावलं आहे, तरी ठेवतो. मला अजून भीती वाटते, पण ती नेमकी कुठं आहे ते सापडत नाही. चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसावं, तसं चाललं आहे. घरात एकटा खोकायचो, आता खोकलो की कुणीतरी कान टवकारतं. हे मला आवडतं की त्रास होतो, तेसुद्धा ठरवता येत नाही.

ज्याच्या भाऊबंदानं माझं मांस तोडलं, त्याच्यासाठी मी फरशीवर लोळलो. वय झालं की माणसाचा स्वभाव असा नासतो का? तू मोठी आहेस, तूच सांग.

गोंधळलेल्या भावावर लोभ ठेवावा.
तुझा,
काकासाहेब

*

पाचोड
२ नोव्हेंबर २०२५

चि. काकास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं, ठेवलं, परत वाचलं, आणि आता मीच गोंधळलेय. काका, टिप्या तुला चावला असं तू खरंच समजतोस? मला आजवर वाटायचं तू उगं म्हणतोस. घरात कुत्रं नको असलं की माणूस काहीतरी निमित्त सांगतं, तसं.

टिप्या तुला कधीच चावला नाय रे. तू त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचास. तुझ्या ताटातली भाकर त्याच्या तोंडात, त्याच्या तोंडातली तुझ्या, आई शिव्या घालायची. त्या साली आपल्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला टिप्या लई आवडला, लांडग्याच्या भ्यानं त्याला चांगलं कुत्रं पाहिजेच होतं. आपल्या तात्यांनी देतो म्हणून शब्द दिला. तात्यासाहेबांचा शब्द तुला ठाऊक हाय, घर विकलं असतं पण शब्द मागं घेतला नसता.

सकाळी मेंढरं निघाली, टिप्या दोरीला, आणि तू मागं पळालास. वाटेनं जायचं सोडून बाभळीच्या कुंपणात घुसलास. काट्यानं पोटरी ही एवढी फाटली. मी नि आईनं तुला ओढून काढलं. मग ताप चढला. पाणी पिईना, दूध पिईना, नुसता टिप्या टिप्या करायचास. पोरगं हातचं जातंय म्हणून आई घाबरली. तिनं तुला जवळ घेऊन सांगितलं की बाळा, त्यानंच चावलं तुला, हे बघ केवढं, म्हणून तात्यांनी हाकलून दिलं त्याला. तू पायाकडं बघितलंस. लई वेळ बघितलंस. मग रडायचा थांबलास आणि दूध पिलास.

पुढं कुणी त्याच्यावर बोललंच नाय. मला वाटलं मोठा झाल्यावर तुला आपोआप आठवलं असंल. आईला लबाड म्हणू नको, तिला तू जगायला पाहिजे होतास.

तू विचारतोस मला काय झालंय. काय नाय झालं, तू पहिल्यासारखा झालायस.

रागावलास तरी पत्र टाक.
तुझी,
आक्का

*

सिडको, छत्रपती संभाजीनगर
११ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी भांडायच्या तयारीत उठलो, पण भांडणार कुणाशी? आई नाही, तात्या नाहीत. तुझ्याशी भांडावं तर तुला ऐकू येत नाही.

भिंग घेऊन पोटरी पाहिली. एक लांबट, वाकडी रेघ आहे. दात असे लागत नाहीत. हे मला जन्मभरात एकदाही सुचलं नाही? पण आक्का, मला तो चावताना आठवतो गं. त्याचे दात आठवतात, तोंडाचा वास आठवतो. जे झालंच नाही ते मला एवढं स्वच्छ कसं आठवतं? आणि ज्याच्या पोटावर झोपलो ते काहीच कसं आठवत नाही? मग मी शहागंजातून लांबून गेलो ते कशाला? सोमनाथ त्या पिल्लासाठी दिवसभर जेवला नव्हता. डोकं चालेनासं झालं आहे.

त्यात आता सोमनाथचा फोन. सोय झाली म्हणे. लासूर स्टेशनचे बद्रीनाथशेठ, कांद्याची आडत आहे, मोठं अंगण, भली माणसं. रविवारी चिकूला कायमचा न्यायला येत आहेत. सोमनाथ म्हणाला की बाबा, तुम्ही रोज मागं लागला होतात म्हणून शंभर जणांना विचारून जमवलं, श्रेया रडली पण तुमचा जीव महत्त्वाचा, आणि शेठना आम्ही शब्द दिला आहे. मी बरं म्हणालो.

मला हे नको आहे. एवढं एकच मला सध्या नीट कळतं. चिकू जाऊ नये. पण सांगू कोणत्या तोंडानं? गावभर पोटरी दाखवत हिंडलेला माणूस मी, सगळे हसतील. पोस्टाची वाट पाहायला वेळ नाही, म्हणून पाचोडच्या जीपवाल्याच्या हाती हे पाठवतो. त्याच्याच हाती उत्तर दे.

माया असू दे, आता तिची गरज आहे.
तुझा,
काका

*

पाचोड
१३ नोव्हेंबर २०२५

चि. काकास,
आशीर्वाद.

जीपवाला दारात हॉर्न मारतोय. मला ऐकू येत नाय, पण सून खुणावतेय. म्हणून थोडक्यात.

तवा तू पाच वर्षांचा होतास, तुला कुणी विचारलं नाय. आता घरात तूच वडील हायेस. कुंपणात घुसायची गरज नाय, दारात उभा राहा आणि नाय म्हण. लाज वाटली तर वाटू दे. तेवढं बी जमलं नाय तर कुत्र्याला घेऊन शनिवारीच इकडं निघून ये, दोघांच्या भाकरी मी टाकते.

नीट वाग.
आक्का

*

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१७ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी पळून येणार होतो. पिशवीसुद्धा भरली. मग तुझं ते दारात उभं राहायचं वाक्य आठवलं आणि थांबलो.

शेठ आणि शेठाणीबाई रविवारी दुपारी आले. खरोखर भली माणसं गं! चिकूसाठी नवा पट्टा आणि स्टीलची वाटी घेऊन आले होते. त्यामुळं आणखीच पंचाईत. मी सकाळपासून आरशासमोर घोकत होतो की शेठ, माफ करा, माझा विचार बदलला आहे. चहा झाला, चिवडा झाला, लासूरचा कांदा झाला, पण ते वाक्य काही घशातून वर येईना. शेठनी पट्टा हातात घेतला. तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं की घरी नातवंडं आहेत, गरीब आहे ना हा.

आणि माझ्या तोंडून निघालं की हा चावतो.

 मग माझं मलाच कळेना मी काय करतो आहे, पण मी पायजमा वर केला आणि पोटरी दाखवली. शेठनी चष्मा लावून वाकून पाहिलं. त्या वेळी चिकू काय करत होता? बाईंच्या पावलांवर हनुवटी टेकून घोरत होता! बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, पोटरीकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. शेठ म्हणाले की जखम जुनी दिसते. मी म्हणालो की हो, लई जुनी आहे. आणि मला रडू आलं, आक्का. परक्या माणसांपुढं, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, आणि मी रडतो आहे.

शेठनी पट्टा आणि वाटी टेबलावर ठेवली. उठताना म्हणाले की हे राहू द्या, चावऱ्या कुत्र्याची वाटी वेगळी लागते. दारात चपला घालताना म्हणाले की सोमनाथला मीच कळवतो, शब्द आम्हीच परत केला म्हणून. बाई जिना उतरताना पदर तोंडाला लावून हसत होत्या, का त्याही रडत होत्या, मला नीट दिसलं नाही.

आईनं जे सांगून माझं कुत्रं विसरायला लावलं, तेच सांगून मी हे ठेवून घेतलं. बरोबर केलं का चूक, मला अजून उमगत नाही. सोमनाथला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. त्याला काय सांगायचं, तूच सुचव. सांगितलं तर त्याच्या पिल्लाचंही सांगावं लागेल.

बाजाराच्या दिवशी येतो आहे. चिकूला सोडायला नाही, आम्ही दोघं जेवायला येतो आहोत. शेवटची भाकरी त्याची ठेव, तूप मात्र लावू नकोस, डॉक्टर रागावतात. आणि बसल्यावर मला टिप्याचं सांग. कसा होता, रंग कोणता, कान कसे, सगळं. मला काहीच आठवत नाही.

कळावं, आणि यापुढं लोभ दोघांवर असावा.
तुझा,
काका

ता. क. हे लिहीपर्यंत चिकूनं टेबलाखाली माझी पोटरी चाटून ओली केली. नेमकी वणावर. दात लागले नाहीत.