खांद्याएवढी झाडं

प्रिय भागवतभाऊजी,

सकाळपासून तुमचा फोन लावतेय, लागत नाही. तिथल्या वनखात्याच्या कचेरीत लावला, तर त्या माणसाला माझं बोलणं कळेना. धाकटे दीर महारुद्र दुपारच्या गाडीनं केरळला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. वाचल्याशिवाय खाली ठेवू नका.

तुमचे दोस्त जंगलात बेपत्ता झाले त्याला आज नऊ दिवस झाले. सोनपेठला जो तो विचारतो, आदिनाथचं काही कळलं का? त्यांची पिशवी डोंगराच्या मध्यावरच्या तुमच्या तळाजवळ सापडली, म्हणून खालच्या ओढ्यात शोध चाललाय, आणि रविवारी तोही थांबणार, असं तुम्ही कळवलंत.

लग्नानंतर त्यांनी मला तो डोंगर दाखवला होता. आपल्याकडं गोदाकाठानं कोसभर चाललं तरी तीच बाभळ, तोच लिंब. तिथं पायथ्याला झाडं इतकी उंच, की शेंडा दिसेना. हे म्हणाले, "आता बघ, चढ चढलीस की सोबतीची झाडं बदलतील." खरंच, दुपारपर्यंत खालचं एकही झाड उरलं नाही. पार माथ्यावर वाऱ्यानं वाकलेली, शेवाळानं मढलेली खुजी झाडं. कोणत्या उंचीवर कोणतं झाड जगतं, हेच मोजायला माणूस घर सोडून राहतो, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

पुढं तेच कौतुक सलायला लागलं. माझे वडील गेले; दहाव्यालासुद्धा हे आले नाहीत. माथ्यावरची मोजणी तेवढी राहिली, म्हणाले.

भाऊजी, ते हरवले त्या दिवशी फोन आला नव्हता, असं मी तुम्हाला सांगितलं. आला होता. "राजेश्री, पिशवी खालीच ठेवून आलोय. हितं झाडं माझ्या खांद्याला लागायलीत, शेवाळाला हात लावला की पाणी गळायलंय. उद्या खाली उतरतो, मग तुझ्याकडंच." मी म्हणाले, "झाडापाशीच ऱ्हावा. मला तोंड दाखवू नका." आणि फोन कापला. सासूबाई मागल्या दारी तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. लाजेनं मी तो फोन लपवला, आणि तुम्ही सगळे नऊ दिवस खाली शोधत राहिलात.

एवढंच सांगायला लिहिलंय. ते ओढ्यात नाहीत, माथ्यावर आहेत. रविवारी थांबू नका. खुजी झाडं लागली की तिथून हाका मारा. माझं नाव घ्या, म्हणावं, तिनं बोलावलंय. मला काय म्हणायचं ते नंतर म्हणा. पत्र बंद करायच्या आधी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या, आणि यांचा लोकरी स्वेटर घडी घालून महारुद्रभाऊजींच्या पिशवीत ठेवला.

तुमचीच अपराधी वहिनी,
राजेश्री