तीनचा आकडा

१७ मे, शुक्रवार

दोन पुरतात! तीन नाही, दोन!

कुणाला सांगायचं नव्हतं, पण दुपारी भावाकडे जेवताना राहवलं नाही. त्याच्या मुलीच्या, लुजैनच्या, फिटच्या गोळ्यांवरच तर हा सगळा अभ्यास. जिल्ह्यातल्या दवाखान्यांचे जुने, हाताने लिहिलेले कागद आमच्या गटातल्या लसादच्या यंत्राने वाचले. मी गणित मांडलं. नेव्हीनने औषधशास्त्राच्या बाजूने गोळी रक्तात किती टिकते ते पाहिलं. आणि फौजी सरांचं अर्थशास्त्र — तेवढ्याच गोळ्यांत आणखी किती मुलांचं भागेल. दिवसाला तीन घेणारी मुलं आणि दोन घेणारी मुलं, फरकच नाही!

वहिनी मुलूखियाच्या पालेभाजीचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. एहाब म्हणाला, "ताई, पुन्हा सांग." परदेशी गोळी. आमचा पौंड घसरल्यापासून इथे मन्सुरात एकाही दुकानात धड मिळत नाही, बिचारा नदीपलीकडे तलखापर्यंत हिंडतो. मी बजावलं — अजून छापून यायचंय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नकोस. "मी काय वेडा आहे का?" म्हणाला. लुजैन नऊ वर्षांची. तिला एवढंच कळलं की एक गोळी कमी गिळायची. नाचली!

३ जुलै

कैरोहून सरकारी माणसं आली होती. ऑक्टोबरपासून सगळ्या सरकारी दवाखान्यांत दोनच गोळ्या. फौजी सर चक्क टाय लावून आले. या वर्षअखेर निवृत्त होतायत. सगळे गेल्यावर म्हणाले, "नशवा, आयुष्यभर नुसत्या आलेखाच्या रेषा काढल्या गं. या वेळी रेषेच्या टोकाला मूल आहे." म्हातारा रडतोय की काय असं वाटलं. रडले मीच.

९ सप्टेंबर

आज सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी लसाद तणतणत आला. "डॉक्टरबाई, तुमचा फोन कसाई उचलतो! मी विचारलं, नशवा आहे का? तो म्हणाला, नशवा संपली, कलेजी आहे." आम्ही पोट धरून हसलो. नेव्हीनला उचकी लागली. माझा नवा नंबर मी त्याला कालच चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी मागितली. नंबर बरोबर होता. माझा तीन त्याने दोन वाचला होता.

आमच्याकडे असंच लिहितात. छापील तीनला दोन दाते, छापील दोनला एक. पण हाताने लिहिताना तीनला एकच दाता काढायचा, आणि दोन म्हणजे नुसता बाक. हे कुणी शिकवत नाही, हाताला आपोआप लागतं. लसाद ट्युनिशियाचा. त्यांच्याकडे आकडे फ्रेंचांसारखे. इथे येऊन वर्ष झालं, त्याला आमचे आकडे माहीत ते गाड्यांच्या पाट्यांवरचे. छापील.

"लसाद, यंत्राला आकडे कुणी शिकवले?"

"मीच. एकट्याने. रमजानात तुम्ही सगळे इफ्तारला पळायचात ना!"

तो अजून हसत होता. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती चिठ्ठी पुन्हा उचलली.

११ सप्टेंबर

चौघं बसून कागद डोळ्यांनी वाचतोय. लसादला आकडे नव्याने शिकवले. तोच सगळ्यांत जास्त वाचतो. दुपारच्या जेवणाला आणलेली कोशरी तशीच राहिली.

१४ सप्टेंबर

यंत्राचे 'दोन' म्हणजे बहुतेक सगळे तीन. काहीजण छापल्यासारखा तीन लिहितात, तेवढेच त्याने तीन म्हणून वाचले. तीन आणि तीनचीच तुलना केली आम्ही! फरक दिसणार कुठून? खरे दोन त्याला ओळखताच आले नव्हते, 'वाचता येत नाही' म्हणून बाजूला पडले होते. आज ते मोजले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना फिट परत आली. लगेच नाही — पाच-सहा महिने ठणठणीत, आणि मग एकदम. नेव्हीन म्हणाली, "म्हणजे आपल्याला कळेपर्यंत उशीर झाला असता."

लुजैन डोळ्यांपुढे आली. पण एहाब डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोरीला खोकल्याचं औषधसुद्धा देत नाही. भित्रा आहे, बरं आहे.

१५ सप्टेंबर

फौजी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"थोडं थांबता नाही येणार?"

"सर, पंधरा दिवसांत मुलांच्या गोळ्या कमी होतील."

"आणि ज्यांना आज एकही मिळत नाही, ती? ती तुझ्या गणितात कुठे बसतात, नशवा?"

त्यांचा राग आला मला, कारण प्रश्न खरा होता. शेवटी म्हणाले, "जा. मी बघतो."

१६ सप्टेंबर

सर पहाटेच कैरोला गेले. एकटे.

२६ सप्टेंबर

हुकूम थांबला. लेखही मागे घेतला. सर म्हणाले, "तिथे कुणी चहासुद्धा विचारला नाही." एवढंच. त्यांच्याकडे बघवत नाही.

लसाद सामान बांधायला निघाला होता. मी त्याला चांगलंच झापलं — "आम्ही तिघं इथे जन्मलो, शिकलो. एकाने तरी तुझ्या शेजारी बसून एखादा कागद पाहिला का? मग तू एकटाच कसा रे दोषी?" त्यावर म्हणाला, "बाई, उद्या तरी कसायाला सुट्टी द्या, खरा नंबर सांगा." हसलो दोघं. मग तो रडला. पण थांबतोय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

एहाबला सांगितलं — निकाल चुकला, दोन पुरत नाहीत. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मेपासून दोनच देतोय! "डॉक्टरांना काय विचारायचं, ताई? तू सांगितलंस ना." आजवर एकही फिट नाही, पण पाचवा महिना चाललाय. आणि तिसरी गोळी? रोज वरच्या मजल्यावर, उम्म बिशॉयकडे, म्हणजे बिशॉयच्या आईकडे. तिचा धाकटा अडीच वर्षांचा, त्याला एकच लागते आणि ती एकही कुठे मिळत नव्हती. मेपासून तोही बरा आहे. चालायला लागलाय.

मी म्हटलं, आजपासून तीन. आत्तापासून. वहिनी गोळ्यांची डबी घेऊन आली. एहाब म्हणाला, "ठीक आहे. पण वर जाऊन तू सांग."