सफीना आता आपोआप चालणार

१५ जुलै १९९९, हर्णे
ऑटोपायलट आला. जीपीएसही आला. दोन्ही अस्सल असल्याचं तहाने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, शारजाहून फोनवर सांगितलं. जीपीएस उपग्रहांना विचारून बोट कुठे आहे ते सांगतो, ऑटोपायलट त्याप्रमाणे सुकाणू फिरवतो. माझी बोट ‘सफीना’ यंदा माणसाविना बंदरात शिरणार. किनाऱ्यावर असं कुणाकडेच नाही.

१८ जुलै
सुकाणू धरणाऱ्या दत्ताराम तांडेलाला बोलावून समजावलं. तीस वर्षं तो किल्ल्याचा बुरूज मागच्या टेकडीच्या रेषेत आला की बोट वळवतो. पावसाने बुरूज दिसेनासा झाला की बाहेरच नांगर टाकून चहा पीत बसतो. किती वेळ फुकट!
त्याने विचारलं की हे उपग्रह कोणाचे. म्हटलं, अमेरिकेचे. म्हणाला, ते रशीदभाईंना, म्हणजे मला, ओळखतात काय? आणि उद्या त्यांनी बंद केलं तर इथून कोणाला हाक मारायची?
अडाणी प्रश्न. त्याला सांगितलं, यंदापासून सुकाणूवर यंत्र, तू जाळ्यावर ये. तो बरं म्हणाला. समजूतदार माणूस.

२१ जुलै
दत्ताराम बुरोंडीला महिपतच्या बोटीवर गेला. खलाशी तांडेलामागे जातात हा इथला रिवाज, त्यामुळे चौघेही गेले. इंजिन सांभाळणारा धाकू उरला. बरंच झालं, गर्दी कमी.

३० जुलै
अंगणात चाचणी. सकाळी यंत्राने आमचं घर मशिदीजवळ दाखवलं, दुपारी मासळीबाजारात. घर जागेवरच आहे, माझ्या बायकोने, सईदाने, बाहेर जाऊन बघितलं. तहा म्हणाला की अमेरिकन मुद्दामच शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवतात, खरं ते लष्करासाठी. बंदराच्या तोंडाशी कातळ वाटेपासून सत्तर मीटरवर आहे. पण चूक दर वेळी त्याच बाजूला थोडीच होईल.

२२ ऑगस्ट
यंत्राची तारीख ६ जानेवारी १९८०. एकही उपग्रह सापडत नाही. सईदा म्हणाली, ऐंशी साली आपलं लग्न झालेलं नव्हतं, मी माहेरी जाते.
तहा म्हणाला की आठवडे मोजणारं आतलं मीटर आज भरलं आणि शून्यावर गेलं, जुन्या यंत्रांना असं होतं. म्हणजे मला जुनं पाठवलं? त्यावर तो हवापाण्याबद्दल बोलू लागला.

२३ ऑगस्ट
यंत्र तीन तास मोकळ्या आभाळाखाली धरलं. उपग्रहांना अडचण नको म्हणून छत्री घेतली नाही. चार सापडले. तारीख ऐंशीचीच, पण मासे तारीख बघत नाहीत. अंगात कणकण.

२६ ऑगस्ट
नारळीपौर्णिमा. सगळ्या बोटी निघाल्या. आम्ही परवा. घाई आपल्याला पसंत नाही.

२८ ऑगस्ट, दुपारी
निघालो. मी, धाकू आणि यंत्र. जाळं ओढायला दोघे कमी पडतात असं धाकू म्हणतो. आजची फेरी मासळीसाठी नाहीच, असं मी ठरवलं.

२९ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा
परतताना झड आली. बुरूज दिसेना. धाकू म्हणाला, नांगर टाकू. मी म्हटलं, तू दत्तारामचा चहा प्यायला आहेस काय? तेवढ्यात यंत्रावरचे उपग्रह एकामागून एक गेले. ऑटोपायलट शेवटच्याच दिशेने चालत राहिला. धाकूने सुकाणू धरू का विचारलं. मी म्हटलं, मध्ये हात घालू नको, त्याचा गोंधळ होईल. धाकू ओरडला, कातळ! मी पडद्यावर बघितलं. पडद्यावर पाणीच होतं.
सफीना कातळावर आहे. तळाच्या तीन फळ्या गेल्या, त्या धाकूने हात घालून मोजल्या. बाहेर नांगर टाकून बसलेल्या महिपतच्या बोटीतून दत्ताराम होडी घेऊन आला, आम्हाला उतरवून घेतलं.  मला सोडून धाकूला विचारलं, मालकांना पोहता येतं ना?
त्याला म्हटलं, झालं गेलं विसर, आजपासून सुकाणू तुझं. त्याने कातळाभोवतीचं पाणी बघितलं. म्हणाला, दोन वाजता भरती. पाणी तिला कातळावरून उचलेल आणि फुटक्या तळाने ती तिथेच बुडेल. मी विचारलं, मग तू येतोस ना?
म्हणाला, येतो. भरतीआधी इंजिन तरी काढून घेऊ.