मागे राहणारा डावा हात

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उशिरा लिहितोय. त्याबद्दलची बोलणी पुढच्या टपालानं येतीलच, म्हणून आधीच कान धरतो. भाऊजींना जाऊन परवा तीन वर्षं झाली. त्या दिवशी फोन करायचा धीर झाला नाही. तू दुकान उघडं ठेवलं असशील आणि वाचनालयाच्या एखाद्या फाटक्या शब्दकोशाला नवा पुठ्ठा चढवत बसली असशील, एवढं मात्र न विचारता कळतं.

बातमी अशी की आमच्या पियानोवाल्या बाईसाहेबांचा फोन आला. बारा वर्षांनी! जसं काही कालच भांडलो होतो अशा आवाजात म्हणाल्या की मार्चमध्ये तिघांनी मिळून एक नवी रेकॉर्ड करायची. डबल बासवाला खांब आधीच तयार होता. मीही हो म्हणून बसलो. चौपन्नाव्या वर्षी माणसाला दुसऱ्यांदा बोलावणं येतं, ते नाकारायचं नसतं.

आता काम. कंपनी आमच्या जुन्या चार रेकॉर्डही पुन्हा काढतेय आणि सोबत माझ्या ड्रमवादनाच्या कारकिर्दीवर एक पुस्तिका. लिहिणारी बाई मला सालं विचारते. मला गती आठवते, सूर आठवतात, साल एक आठवेल तर शपथ. तू माझं प्रत्येक पत्र जपून ठेवलंयस. तेवढी उजळणी करून कधी कुणाबरोबर वाजवलं ते कळवशील का? इथे थंडी फार आहे, डावा खांदा आखडलाय, बाकी ठीक.

लोभ आहे तो राहू दे, बोलणी थोडी कमी कर.

तुझा
ठोक्या


२० जानेवारी

चि. ठोक्या यास,
अनेक आशीर्वाद.

कान धरलेस ते बरं केलंस, माझा हात तिथवर पोचला नसता. त्या दिवशी दुकान उघडं होतं. शब्दकोश नव्हता, कुणाच्या तरी कायद्याच्या पुस्तकांचे सहा खंड होते.

तुझी पत्रं पुठ्ठा कापायच्या मोठ्या टेबलावर तारखेनं लावली. एकशे बेचाळीस भरली. म्हटलं, वाचून झाली की दोऱ्यानं शिवून, जुजबंदी करून एकच ग्रंथ बांधावा आणि तुला पाठवावा, म्हणजे स्वतःची बढाई स्वतःलाच वाचायला मिळेल. तर ऐक. बाविसाव्या वर्षी घर सोडलंस आणि हॉटेलातल्या नाचाच्या बँडमध्ये लागलास. चोविसाव्या वर्षी प्रवासी बोटीवर दोन वर्षं. तिथे तुला उलट्या व्हायच्या, हे पुस्तिकेत घालू नये असं माझं मत. मग सॅक्सोफोनवाला वादळ. त्याच्याबरोबर आठ वर्षं. एकच चीज चाळीस मिनिटं वाजवायचा आणि थांबला की तुझ्या तळहाताला फोड आलेले असायचे, असं तू अभिमानानं लिहिलंयस. तो गेला तेव्हाचं पत्र चार ओळींचं आहे. त्यानंतर बाईसाहेब आणि खांब, आठ वर्षं, चार रेकॉर्डी. बेचाळिसाव्या वर्षी तो कार्यक्रम. बाईंनी लय वाढवली म्हणून भर रंगमंचावर, चीज अर्धी असताना, तू काठ्या खाली ठेवून आत निघून गेलास. त्या पत्रात तुझा एका शब्दाचाही पश्चात्ताप नाही. तेव्हाही मला ते आवडलं नव्हतं.

आता माझं. पत्रं शेजारी शेजारी मांडली नसती तर हे दिसलं नसतं. तू नेहमी रेघांच्या कागदावर लिहितोस, म्हणून मोजता येतं. तीस वर्षांपूर्वी तुझ्या एका ओळीत सात शब्द बसायचे. चार वर्षांपूर्वी आठ. गेल्या उन्हाळ्यात अकरा. या पत्रात चौदा आहेत, आणि ओळ संपेपर्यंत अक्षर निम्मं होतं. मला भिंग घ्यावं लागलं.

बाबांच्या मापांच्या वहीत छाती-कंबरेचे आकडे असेच मुंगीएवढे होत गेले होते, हात थरथर कापायला लागायच्या आधी दोन वर्षं. मागच्या वर्षी तू आलास तेव्हा चालताना तुझा डावा हात हलत नव्हता. मला वाटलं, ऐट. दुकानात खळ आंबून घाण सुटली होती, तुला वास आला नाही. मला वाटलं, सर्दी.

ठोक्या, तुला काय झालंय?

उत्तर दे, मग लोभाचं बोलू.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

सालांबद्दल आभार. बोटीवरच्या उलट्या गाळल्या आहेत.

बाकी तुझं पत्र वाचून करमणूक झाली. वाचनालयवाले बांधायला देतात ती सगळी पुस्तकं तू वाचतेस, हे मला माहीत आहे. या महिन्यात वैद्यकाची आलेली दिसतात. पेन नवं आहे, टेबल लहान आहे, कागद महाग झालाय म्हणून दाटून लिहितो. चौपन्नाव्या वर्षी सगळ्यांचेच खांदे आखडतात. बाबांना मध्ये आणू नकोस. बाबा शिंपी होते, मी ड्रमर आहे. माझा हात रोज चार तास चालतो.

सराव सुरू होतोय, पुढचं पत्र कदाचित उशिरा.

ठोक्या


१० फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

या पत्रात तू मुद्दाम मोठं अक्षर काढलंयस. पहिल्या तीन ओळी जमलं.

तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. तुझ्या भाऊजींनाही सांगितली नव्हती. बाबांचं काम बिघडायला लागलं तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते. दुपारी दुकानात काजं करायला जायची. त्यांची टीप वाकडी जायला लागली. सरळ शिवण नागमोडी. ते जेवून आडवे झाले की मी ती उसवायची आणि पुन्हा शिवायची. कोट, बाह्या, अस्तरं. मला वाटायचं केवढं पुण्य करते आहे. गिऱ्हाईक टिकलं, बाबांना कळलं नाही, सगळं झाकलं गेलं.

एकदा एक गिऱ्हाईक कोट अंगात घालून बटण लावून घ्यायला आलं. बाबा टिपेच्या शेवटी उलटे तीन टाके घालायचे, मी दोन घालते. त्यांनी बाहीवरून अंगठा फिरवला आणि थांबले. माणूस गेल्यावर मला विचारलं, किती दिवस चाललंय हे. मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. त्यांनी मशीनवर झाकण घातलं. लोकांना सांगितलं की डोळे अधू झालेत. माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. आणि बोलले तेव्हा एवढंच, की मला सांगितलं असतंस तर कात्री मीच खाली ठेवली असती, तू माझ्या हातातून काढून घेतलीस.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. तू तीनदा आलास. त्याचा हिशेब मागत नाही, पण त्यांचा हात तू पाहिला नाहीस, मी पाहिला आहे. म्हणून या वेळी मी काहीही झाकणार नाही. डॉक्टरकडे जा. आणि जे निघेल ते वाजवायला बसण्याआधी त्या दोघांना स्वतःच्या तोंडानं सांग.

रागावलास तरी लोभ तुझ्याकडेच राहू दे, परत पाठवू नकोस.

ताई


१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरकडे गेलो होतो. गेल्या जुलैत. तुझं भिंग यायच्या सहा महिने आधी.

तेच आहे, बाबांचंच, कंपवात. डॉक्टरनं मला लांब व्हरांड्यात चालवलं, मग अंगठ्यावर बोट भराभर आपटायला सांगितलं. तीस वर्षं लोकांनी ज्या हाताला टाळ्या दिल्या तो सातव्या टिचकीला दमला. तरुण डॉक्टर होता. मी काय करतो असं त्यानं विचारलं. मी कारकून आहे म्हणून सांगितलं.

गोळी घेतली की दोन तास हात माझा असतो. काठ्यांनी अजून जमतं. ब्रशनं नाही. तू पाहिलं आहेस, तारांची कुंचली असते, उजव्या हातानं ताल धरायचा आणि डाव्यानं ड्रमच्या कातड्यावर वर्तुळं काढत राहायची. सबंध चीज त्या घासण्याच्या आवाजावर उभी असते. माझं वर्तुळ लहान होत जातं, अक्षरासारखंच, आणि मग उशिरा येतं.

ताई, मी त्यांना सांगणार नाही. एवढी एक रेकॉर्ड. बारा वर्षांपूर्वी जे मोडलं ते मीच मोडलं होतं, ते मला एकदा वाजवून नीट करायचं आहे. सांगितलं तर ते दया करतील, आणि दयेवर लय चालत नाही. तूही लिहू नकोस त्यांना. तुझ्या पाया पडतो.

लोभावर आता माझा हक्क नाही, तरी मागतो.

ठोक्या


२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू कुणाला लिहिलं नाहीस, ते कळलं. लिहायची गरजच नव्हती.

सरावाला बाईसाहेबांनी सगळ्या संथ चिजा आणल्या होत्या. ज्या भरधाव चिजेनं आमची दुसरी रेकॉर्ड गाजली, तिचा त्यांना म्हणे कंटाळा आलाय. खांब तेव्हा आठ वर्षं माझ्या तालावर रेलून वाजवायचा, तो आता माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत होता. मला वाटलं, वय झालं, माणसं बदलतात. मजा येत होती गं. तीन आठवडे मला वाटत होतं की मी कधी नव्हे इतकं छान वाजवतोय.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सरावाचं ध्वनिमुद्रण ऐकत बसलो. जिथे माझा डावा हात उशिरा येत होता, नेमक्या त्या जागी बाईंचा एक खालचा सूर हळूच येऊन पडत होता. एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक ठिकाणी. भोक दिसायच्या आत रफू. तुझं पत्र वाचलं नसतं तर मला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाद्यं जुळवायच्या आधी, सांगून टाकलं. खांब उगाच खुंट्या पिळत राहिला. बाई म्हणाल्या की पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी तडकलो. मला अंधारात का ठेवलंत, मी काय लहान पोर आहे का, वाटेल ते बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या की आठशे माणसांसमोर मी चुकले तेव्हा तुम्ही काठ्या खाली ठेवल्या होत्या, ते काय असतं ते मला माहीत आहे, तुमच्याशी तसं करणं माझ्यानं झालं नाही. बारा वर्षांत जी मागितली नव्हती ती माफी मागितली.

मग मीच माझ्या जुन्या विद्यार्थिनीला बोलवायला सांगितलं. तिचा आता स्वतःचा बँड आहे. ती चार तासांत आली. सातांतल्या दोन चिजा मी वाजवल्या, काठ्यांनी. पाच तिनं. ब्रशच्या सगळ्या तिच्या.

मी काचेपलीकडे ध्वनिमुद्रणवाल्याच्या शेजारी बसून ऐकलं. पहिल्या पाच मिनिटांत तिच्या दोन चुका काढल्या. नंतर चुका काढायचं विसरून गेलो. ताई, ते सगळ्यात जड गेलं. वाटलं होतं, माझी जागा रिकामी दिसेल. ती रिकामी नव्हती. चीज पूर्ण होती.

नंतर तिनं विचारलं कसं झालं. तिसऱ्या चिजेचा शेवट सैल आहे म्हणालो. ती म्हणाली, हो, मलाही तसंच वाटलं.

आता सकाळी उठून काय करायचं ते समजत नाही. तीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. आठ दिवस तुझ्याकडे येऊ का? कामात लुडबुड करणार नाही.

जो काही लोभ शिल्लक असेल तो उंबऱ्यापर्यंत घेऊन ये.

ठोक्या


२ एप्रिल

चि. ठोक्या यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातातलं पान खळीत पडलं आणि एका बिचाऱ्याच्या कवितासंग्रहाचं पान सत्तावीस वाया गेलं. त्याला कळवलं आहे. तो म्हणाला, तसंही ते कुणी वाचत नव्हतं.

तू सांगितलंस, तेही आपण होऊन. एवढं बाबांना मिळालं नाही. त्यापलीकडे शाबासकी देता येत नाही, कारण तुझं काय गेलं आहे ते मला कळतं.

मीही खरं सांगते. येऊ का हे वाचल्यावर पहिलं मनात आलं ते पुन्हा नको हेच. बाबांची नऊ वर्षं, मग यांची दोन. घास भरवणं, कूस वळवणं, शर्टाची बटणं लावणं. मी कंटाळले नव्हते, पण मी संपत गेले. यांच्यानंतर तीन वर्षं मी फक्त कागदाला हात लावते, आणि कागद विव्हळत नाही. त्या विचाराची मला लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. तो तुला न सांगता तुझं हसून स्वागत केलं असतं, तर तेही झाकणंच झालं असतं.

दुकानामागची खोली रिकामी केली आहे. पुठ्ठ्यांचे गठ्ठे माळ्यावर गेले. दाराशी दोन पायऱ्या आहेत, सुतार सोमवारी कठडा बसवून देतो म्हणाला. कशाला हवा असं त्यानं विचारलं, मी म्हटलं भाऊ येतो आहे. किती दिवसांसाठी असं विचारलं, मी म्हटलं कठडा पक्का बसव.

म्हणून तूही आठ दिवस म्हणू नकोस. ते आठ दिवस नाहीत, तुलाही ठाऊक आहे. आणि वर्षभरानं बघू, तब्येत जरा बिघडू दे, असंही करू नकोस. मी बासष्टची आहे, तुला उचलणं मला जमणार नाही. अजून बॅग स्वतःच्या हातात धरून त्या दोन पायऱ्या चढता येतात, तोवर ये. मला तुला चालत येताना पाहायचं आहे.

लोभ उंबऱ्याशी आणून ठेवला आहे.

तुझी
ताई