हिरवं म्हणजे चालू

३ एप्रिल, गुरुवार
जमलं! एकदाचं जमलं! आठवडाभर या रिमोटनं छळलं. चार बटणं – पंखा, टीव्ही, कूलर, मोटर. वस्तू पालीला आईच्या घरात, रिमोट इथं अंबाजोगाईत, दुकानातल्या माझ्या टेबलावर. तिथं वस्तू चालू असली की इथं बटण हिरवं, बंद असली की लाल.

आधी गाढवपणा केला होता. बटण दाबलं की ते हिरवं होई, म्हणजे मी हुकूम सोडला एवढंच सांगे. आईनं भिंतीवरून कूलर बंद केला तरी हे आपलं हिरवंच! हुकूम सोडला की काम झालं, हे फक्त पुढाऱ्यांच्या भाषणात. आता प्रत्येक प्लगला छोटी डबी लावली. वीज खरंच ओढली तरच हिरवं.

"आईंना फोन करून विचारलं तर नाही का कळत?" – पौर्णिमा. बायकोला काय सांगावं! फेब्रुवारीत छातीत कळ आली तेव्हाही आई फोनवर "मजेत हाय" म्हणत होती, आणि दोन तासांनी डॉक्टर तिच्या हृदयात स्प्रिंग बसवत होते. ऊन बंद, कष्ट बंद, असं बजावलंय. इकडं आणायला गेलो तर खाटेचा खूर धरून बसली. मग तिथंच सगळी सोय करून दिली.

५ एप्रिल
दुपारी चारही बटणं एकदम लाल! फोन लावला.
"आई, काय झालं?"
"लाईट गेलीय रे! हितं काय नवीन हाय का?"
उद्या इन्व्हर्टर बसवून येतो.

९ एप्रिल
सकाळी सात ते संध्याकाळी सहा, पंखा-टीव्ही-कूलर हिरवेगार. रोज! ऐकतेय माझं. जन्मभर ऊस तोडलेली बाई, आता गार वाऱ्यात मालिका बघतेय. पौर्णिमेला रिमोट दाखवला. "अकरा तास टीव्ही? आई?" एवढंच म्हणाली. तिचं ते 'आई?' कानात अडकलंय.

११ एप्रिल
माझ्या कानांवर हे दुकान उभं राहिलं. मोटर जळायच्या आधी तिची कुरकुर मला ऐकू येते. आज आईला फोन केला. समोर टीव्ही हिरवा, कूलर हिरवा.
"काय करतीस?"
"टीव्ही बघत बसले."
मागं टीव्ही नाही! कूलरची घरघर नाही. वारा. आणि खच् – खच् – खच्, एकापाठोपाठ एक. मग एक बाई हसली. चार भिंतींत कुणी असं हसत नाही.

बटण म्हणतं घरात. कान म्हणतो, नाही.

१२ एप्रिल, शनिवार
न सांगता पालीला गेलो. दाराला कुलूप! आत टीव्हीतली सून हुंदके देतेय, कूलर रिकाम्या खाटेवर वारा घालतोय. शेजारच्या भिवराबाई म्हणाल्या, "दगडाई? ती गेली की कांदे काढायला. रोजच जाती. तुमाला न्हाई म्हाईत?"

धरणाच्या अंगाचं रान गाठलं. दहा-बारा बाया विळ्यानं कांद्याची पात कापत होत्या. भर उन्हात, सगळ्यांच्या पुढं – आई! दोन महिन्यांपूर्वी जिला मी स्ट्रेचरवर बघितलं ती!

"दगडाई, तुझं सायेब आलं गं!"
"इळा देऊ का सायेब? बुटं तेवढी काढा!"
सगळ्या खिदळल्या. आईनं मान वर केली. "कशापायी आलास? लाल झालं का काय?"

मी ओरडलो. सगळ्यांसमोर. "मरायचंय का तुला?"
तिचा विळा थांबला नाही. "घरात एकटी बसून काय जगत व्हते? हितं चार जणी बोलत्यात. हिरवं दिसलं की तुजा जीव थंड व्हतो, म्हून समदं लावून येते."

परत येताना गाडी दोनदा बाजूला घेतली. मी केलेलं यंत्र, आणि तिनं पहिल्या आठवड्यातच त्याला गुंडाळलं! राग यावा की कौतुक करावं, समजेना.

१४ एप्रिल
जयंतीला पालीतच. तह झाला. बाभळीखाली बसून पात कापायची, सकाळी दहापर्यंतच, आणि टीव्ही विनाकारण लावायचा नाही. बाया साक्षीला.

आईचीही एक अट. "तू मला बघतोस. मी तुला कसं बघावं?" 

१६ एप्रिल
मुकाट्यानं आईसाठी एका बटणाचा रिमोट केला आणि पालीला नेऊन दिला. दुकानात माझ्या खुर्चीवरचा पंखा चालू, की तिचं बटण हिरवं. "बास. कळलं की तू बसलायस," म्हणाली. मला हसू आलं.

२४ एप्रिल, गुरुवार
आईचा फोन. आपणहून केलेला!
"शादेवा, सोमवारपासून तुजं बटण अकरा ते दोन लाल हाय. लाईट गेली म्हणू नको, तुज्याकडं इन्व्हर्टर हाय. पौर्णिमा म्हणती दुकानात हाय. एवढ्या उन्हात पंखा बंद करून कुटं जातोस?"

दवाखान्यात. गळ्यातल्या गाठीचा तुकडा सोमवारी काढून तपासायला पाठवलाय, आणि तेव्हापासून रोज कसली ना कसली तपासणी. पौर्णिमेला सांगितलं नाही. या वहीतही लिहिलं नव्हतं.

मी कांद्याचा भाव विचारला. ती म्हणाली, "घराला कुलूप लावलंय. एसटीनं निघाले."