शालीखालची तक्रारवही

पंचवटी, नाशिक
रविवार

तीर्थरूप अक्काबाईच्या चरणी धाकट्या झुंबरचा साष्टांग दंडवत. (साष्टांग नुसतं लिहितोय. पाचव्या केमोनंतर वाकलो तर उठवायला तुझी भावजय उज्वला लागते.) तुझे गुडघे, गोठ्यातली जर्सी, तुझ्या योगेशचं द्राक्षांचं पॅकहाऊस आणि ओट्यावरची ती चावरी मांजर, सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. इकडे केस सोडून सगळं जागेवर आहे. भुवयाही गेल्या, त्यामुळे मी रागावलो तरी घरात कोणाला कळत नाही आणि संसार सुखाचा चाललाय.

फोन का केला नाही म्हणशील, तर हॉस्पिटल हा शब्द निघाला की तू फोन ठेवतेस. पत्राचं तसं करता येत नाही. आणि तुझ्या काखेतल्या गाठीबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही, असं मी उज्वलाला कबूल केलंय. (तू तिला शपथ घालून सांगितलं होतंस. तिनं ती शपथ चार दिवस पाळली, हे तिच्या मानानं पुष्कळ झालं.) तेव्हा गाठीचा विषय इथेच संपला. आमच्याकडे तपासणी झाली, तिची गंमत तेवढी लिहितो.

मी जातो त्या कॅन्सर केंद्राला मान्यता मिळायची होती. म्हणजे बाहेरगावचे डॉक्टर येऊन दोन दिवस बघतात, की इथे सगळे मिळून एका पेशंटचं काम करतात, की पेशंटच फाईल घेऊन या दारातून त्या दारात फिरतो. दाजींच्या दुखण्याच्या वेळचं तुला आठवत असेलच. तीन डॉक्टर, तीन गावं आणि मधला निरोप्या मी, खताच्या पिशवीत रिपोर्ट घालून. एकानं लिहिलेली गोळी दुसऱ्यानं बंद केली, हे तिसऱ्याला सांगायचं आपल्याकडून राहिलं. त्या पिशवीचा तुला वीट आला, त्यात तुझी काही चूक नाही. मी स्वतः मानेवर गाठ दिसल्यावर दुसऱ्याच दिवशी इथे हजर झालो (मी घाबरणारा माणूस नव्हे), पण आलो तो पिशवी घेऊनच. ती निकितानं दारातच काढून घेतली आणि आजतागायत परत दिलेली नाही.

निकिता इथली समन्वयक. सिन्नरकडची पोर, वय अठ्ठावीसच्या आसपास, पण बोलली की मोठमोठे डॉक्टर सरळ बसतात. पहिल्याच दिवशी तिनं एक कागद भरून घेतला. त्यात एक प्रश्न होता, की तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय? मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुठल्या कामाचा कागद आला. बरं व्हायचंय, हे हॉस्पिटलला सांगावं लागतं का? पण ती हलेना, म्हणून लिहिलं, आवाज राहावा. तीस वर्षं लासलगावात कांद्याचा लिलाव पुकारला, आता नातवाला हाक मारण्यापुरता तरी राहावा. अक्का, दर गुरुवारी इथे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एका टेबलाशी बसतात. मध्ये एकच फाईल असते. त्या गुरुवारी माझ्या त्या दोन शब्दांवरून पाऊण तास वाद झाला म्हणे, आणि रेडिएशनचा विचार तूर्त बाजूला ठेवला. का ठेवला, ते मराठीत लिहून मला एक कागद दिला आणि त्याची प्रत आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना धाडली. माझ्यावरून एवढी मोठी माणसं भांडली, हे मी अजून पाहुण्यारावळ्यांना सांगतो.

तर अशा ठिकाणी तपासणी येणार म्हटल्यावर मी गप्प कसा बसणार? कांद्याची ट्रॉली मार्केट यार्डात नेण्याआधी वरचा थर कसा लावायचा, एकसारखा, लालबुंद, आणि गोल्टी म्हणजे बारका माल खाली कुठे सारायचा, हे मला कोणी शिकवायला नको. निकिता भोळी. तिनं टेबलावर सगळी कागदपत्रं मांडली, त्यांत तक्रारवहीसुद्धा. (पोरगी बघायला पाहुणे आले तर मोरीतला गळका नळ आपण दाखवतो का?) मी ती वही हळूच उचलली, शालीत गुंडाळली, माझ्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसलो. हाताला सलाईन लागलं, म्हणजे चार तास मला कोणी उठवणार नव्हतं. शेजारच्या दोघांनाही पढवून ठेवलं. कोणी विचारलं तर सांगायचं, सगळं उत्तम, वाट कधी पाहावी लागली नाही, सुई टोचलेली कळत नाही. (सुईचं जरा जास्त झालं, हे मला मागाहून वाटलं.)

तपासणी पथकाच्या प्रमुख नागपूरच्या हर्षाली मॅडम. आवाज मऊ, नजर बारीक. मी म्हटलं, सगळं उत्तम. शेजारचा म्हणाला, सगळं उत्तम. तिसऱ्यानं तर न विचारताच सुईचं सांगितलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि मी काय ते ओळखलं, कारण हे मी जन्मभर पाहिलंय. जुना व्यापारी वरचा थर बघून नुसता हसतो आणि सरळ तळात हात घालतो. मॅडम उठल्या आणि कोपऱ्यातल्या भिमाबाईंपाशी जाऊन बसल्या. भिमाबाई हरसूलकडच्या. त्यांना पढवायचं राहिलं होतं, कारण त्या झोपल्या होत्या.

"पयल्या टायमाला लय हाल झालं बाई," भिमाबाईंनी सुरुवातच अशी केली. "बाजाराच्याच दिवशी तारीख दिली. गाडीत पाय ठेवाया जागा नाय. उलट्या करीत उभी गेले. मी म्हनले, आता मेले तरी येनार नाय." मी डोळे मिटून घेतले. "मंग ही पोर एसटीनं घरी आली. नागलीची भाकर खाल्ली नि बाजार कवा, गाडी कवा, घरात कोन, समदं लिहून नेलं. तवापून माझी तारीख बाजार सोडून असती. आता मीच गावात दुसऱ्यांना म्हनते, तितं जावा."

मॅडमनी निकिताला विचारलं, ही तक्रार कुठे लिहिलेली आहे का? निकिता म्हणाली, वहीत आहे. टेबलावर वही नव्हती. कपाटं झाली, खण झाले, टेबलाखाली दोघी वाकून आल्या. मॅडम मऊ आवाजातच म्हणाल्या, की वही नसेल तर या भागाचे गुण देता येणार नाहीत. जिथे एकही तक्रार नाही, तिथे पेशंटला कोणी विचारतच नाही असं आम्ही धरतो. निकिताचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. दोन वर्षं त्या पोरीनं यासाठी घालवली होती आणि मी तिच्या मेहनतीवर अक्षरशः बसलो होतो. सलाईन नसलेला हात मी वर केला. "मॅडम, वही माझ्याखाली हाय," मी म्हणालो. दोन नर्सनी मला स्टँडसकट उचललं आणि वही काढली. ती गरम होती.

वहीत एकोणीस तक्रारी होत्या. त्यांतल्या चौदा माझ्या. मॅडमनी त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या. चहात साखर नाही. सुई लावणारी बाई तोंडातून शब्द काढत नाही. (त्याखाली निकिताच्या अक्षरात लिहिलेलं, की ती तेव्हा दुसऱ्या नर्सबरोबर तुमचं नाव आणि औषध ताडून बघत असते, चूक होऊ नये म्हणून, नंतर बोलेल.) पुढली तक्रार, तीच बाई आता फार बोलते. तिथपर्यंत सगळे हसत होते. मग आली माझी आठवी, ताप आला म्हणून केंद्रानं दिलेल्या नंबरावर फोन केला तर नवव्या घंटीला उचलला. यावर मॅडम हसल्या नाहीत. खाली लिहिलं होतं, दुसरा फोन घेतला, चौथ्या घंटीनंतर तो वाजतो, रोज सकाळी आम्ही लावून बघतो. शेजारी, पटलं म्हणून, माझी सही. मॅडमनी स्वतःचा मोबाईल काढून तिथल्या तिथे तो नंबर लावला. दुसऱ्या घंटीला उचलला गेला आणि पलीकडून पहिला प्रश्न आला, ताप किती आहे?

शुक्रवारी मान्यतेचं पत्र आलं. त्यात तक्रारवहीचं वेगळं कौतुक आहे. चौदा तक्रारी पुरवल्याबद्दल माझं नाव कुठे दिसलं नाही, पण मी मन मोठं केलंय. निकितानं मला पेढा दिला आणि वही मात्र आता साखळीनं बांधून ठेवलीय.

मोठ्यांना दंडवत, योगेशच्या पोरांना पापा, मांजरीला काही नाही.

तुझा,
झुंबर

ता. क. मंगळवारी साडेदहाला तुझ्या नावानं वेळ घेतलीय. योगेश गाडी काढणार आहे. त्याच्यावर चिडू नकोस, मीच त्याला सांगितलं. पिशवी आणू नकोस.

ता. क. २. तुझा कागद मी भरून ठेवला. नाव, गाव, गुडघे, सगळं लिहिलं. सर्वांत महत्त्वाचं काय, ती जागा तेवढी कोरी ठेवलीय. ती मला भरता येईना.

ता. क. ३. वर लिहिलंय की गाठ दिसल्यावर मी दुसऱ्याच दिवशी गेलो. ते खोटं आहे. मी पाच महिने मफलर बांधून हिंडलो. चैत्रातसुद्धा. विचारलं की म्हणायचो, वारं बाधतं. मी भ्यालो होतो अक्का, आणि ते पाच महिने मला कोणी परत देणार नाही. उज्वला सांगत होती, तू हल्ली घरातही पदर दोन्ही खांद्यांवरून घेतेस. मंगळवारी मी दारातच उभा असेन, मफलर न बांधता.