घशातला ल

नाना, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं ही उधळपट्टीच. तरी लिहितेय, कारण परवा जपानमध्ये, एदोगावातल्या या एवढ्याशा स्वयंपाकघरात तुमची शुद्ध वाणी आठवली आणि किळस आली.

तुमची नात इथल्या विद्यापीठात भाषांमधल्या आवाजांचा अभ्यास करते. न्यू गिनी बेटावरच्या एका खेड्याची बोली आहे, ती नीट बोलणारी चार-दोन म्हातारी माणसं उरलीत. त्यांचा एक ल आपल्यासारखा जिभेच्या शेंड्याने होत नाही. जीभ मागे घशाशी टेकवायची आणि कडेने हवा सोडायची. गावातली पोरं शाळेतला साधा ल म्हणतात आणि आजीच्या ल-ला हसतात. मोठ्या भूकंपापासून आमच्या दाराशी पाणी, बिस्किटं, टॉर्च भरलेली पिशवी तयार असते. तिच्यात लेकीने तिथल्या एका म्हातारीच्या आवाजाची डिस्क ठेवलीय. "अगं, त्या जागेत किलोभर तांदूळ मावतील," मी म्हटलं. "तांदूळ पुन्हा मिळतात, आई," असं म्हणून तिने माझ्या कानाला हेडफोन लावले. म्हातारी बोलता बोलता हसत होती.

आणि मला आपलं धुळ्याचं घर दिसतं. शाळा तपासायला आलेले साहेब पाटावर बसलेत. माय आणखी घ्या म्हणून आग्रहाने वाढतेय, "भाऊ, केयानी भाजी ल्या ना आखो." तुम्ही हात वर करता. "केळ्याची म्हण." माय पळी धरून उभी. "केयाची." "ळ. ळ म्हण." साहेब हसतात, म्हणून तुम्हीही हसता. मराठीचे मास्तर ना तुम्ही. बायकोच्या तोंडची अहिराणी तुम्हाला उष्ट्यासारखी वाटायची. त्यानंतर माय पाहुण्यांसमोर कधी बोलली नाही. देवापुढेही नुसते ओठ हलवायची, आणि तुम्ही शेजाऱ्यांना ऐटीत सांगायचात, "आमच्या हिचं मौनव्रत आहे." स्वतःचा हलकेपणा देवाच्या नावावर खपवलात. मी रोज दिवा लावते, सगळ्यांसाठी मागते. तुमच्यासाठी नाही.

परवा लेकीने माझ्यापुढेच माईक ठेवला. "आजी कशी बोलायची, आई? तुझ्याशिवाय आता कुणाला माहीत आहे?" मी पदर सारखा केला, ताठ बसले आणि सुरू केलं, "माझी आई अहिराणी भाषा बोलत असे." अगदी तुमच्या वर्गातल्यासारखं. "तसं नको गं," ती म्हणाली, "तिच्यासारखं बोल. एकच वाक्य." मी म्हटलं, "मला नाही येत. बंद कर ते." तिने बंद केलं. मग वायर गुंडाळत बसली.

हे पत्र कुठे टाकणार? पत्ता असता तरी तुमच्यावर तिकीट खर्चलं नसतं. पण नाना, मला येतं. चांगलं येतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पोटच्या पोरीसमोर लाज वाटली.